दसऱ्यानंतर गाव रिकामं होतं : ग्रामीण विषयात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी

माझ्या फील्डवर्कचा पहिला आठवडा कुलपं मोजण्यात गेला. बीड जिल्ह्यातलं डोंगरपट्ट्यातलं एक गाव, जानेवारी महिना, पिशवीत प्रश्नावलीच्या दीडशे झेरॉक्स. विषय ऊसतोड कामगारांच्या कर्जाचा, आणि गावात ऊसतोड कामगारच नाहीत. ओट्यावर ऊन खात बसलेली एक आजी म्हणाली, "कुणाला हुडकतोस बाबा? माणसं कारखान्याला गेली. पाडव्याच्या पुढं ये." कोर्सवर्क झालं होतं, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा मंजूर होता, आर.आर.सी.त, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, तज्ज्ञांनी उलटसुलट विचारून झालं होतं. पण टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात, ही गोष्ट माझ्या छापील वेळापत्रकात नव्हती. कुणी विचारलीही नव्हती.

म्हणून हे लिहितो आहे. नियम सांगतोच, कारण ते बहुतेकांना अर्धवट माहीत असतात. पण जास्त बोलणार आहे ते नियमांच्या पुस्तकात नसलेल्या भागाबद्दल.

पदवी नेमकी कशातली?

'ग्रामीण अध्ययन' अशी पाटी लावलेला विभाग शोधत बसू नका. तो क्वचित सापडतो. गावावर पीएच.डी. करायची तर ती समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, समाजकार्य, मानवशास्त्र किंवा कृषी विस्तार यांपैकी कुठल्या तरी दारातून करावी लागते. नेट परीक्षेतही ग्रामीण अर्थशास्त्र आणि सहकार हे अर्थशास्त्राच्याच पेपरात येतात. हे दार विचार करून निवडा. पुढे प्राध्यापकाची जाहिरात निघते ती 'समाजशास्त्र' किंवा 'भूगोल' या नावाने, आणि छाननीत पहिल्यांदा तुमच्या एम.ए.चा, नेटचा आणि पीएच.डी.चा विषय जुळतो का ते बघतात. आंतरविद्याशाखीय हा शब्द परिसंवादात छान वाटतो, छाननी समितीपुढे त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

महाराष्ट्रात जागा बऱ्या आहेत. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे आणि तिथे कृषी-आर्थिक संशोधन केंद्र आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभी केली, पण तिथे गणित आणि अर्थमिती पक्की लागते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं आवार थेट दुष्काळी पट्ट्यात आहे. आयआयटी मुंबईतल्या 'सितारा' केंद्रात पाणी, ऊर्जा, शेती या अंगाने अभियंतेही गावाकडे वळतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचं ग्रामीण विकासाचं स्कूल आहे. बी.एस्सी. ॲग्री झालेल्यांसाठी राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आहेत, पण त्यांची प्रवेशाची वाट वेगळी. राज्याबाहेर हैदराबादची राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था आणि आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था, म्हणजे इर्मा. नावावर जाऊ नका. ज्या जिल्ह्यावर काम करायचं त्याच्यापासून एका एसटीच्या अंतरावरचं विद्यापीठ मला नेहमीच जास्त उपयोगाचं वाटतं.

नियम, थोडक्यात

विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएच.डी. नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांगांना ५ टक्के सवलत. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेटही प्रवेश घेता येतो. एम.फिल. बंद झालं, त्यामुळे 'आधी एम.फिल. करून बघू' हा जुना सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून पुढे चला.

प्रवेश दोन मार्गांनी होतो : पेट, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, किंवा नेट. पेटचा अर्धा पेपर संशोधन पद्धतीचा, अर्धा विषयाचा, आणि लेखी-मुलाखतीचं प्रमाण ७०-३०. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात. जेआरएफ, म्हणजे दरमहा पैसे देणारी फेलोशिप, मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरलेल्यांना आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलेल्यांना नेटचे गुण धरून प्रवेश घेता येतो, मात्र हे गुण वर्षभरच चालतात. ते वर्ष गाईड शोधण्यात संपलं असं सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. निकालाची वाट न बघता गाईडशी बोलणं आधीच सुरू करा.

मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, त्यात कोर्सवर्क धरून. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती मागायला संकोच नको, तो उपकार नव्हे. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. 'घरबसल्या दोन वर्षांत डॉक्टर' अशा जाहिरातींना फोनही करू नका.

गाईड

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे पहिला प्रश्न जागा आहे का हा. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो मी सांगतो : सर किंवा मॅडम स्वतः गावात शेवटच्या कधी राहिल्या होत्या? उद्घाटनाला गेलेल्या खेपा धरायच्या नाहीत.

उत्तर त्यांच्याकडून मिळणार नाही. शोधगंगा उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार आहे, देशभरचे प्रबंध फुकट वाचता येतात. तिथे त्या गाईडचं नाव टाका आणि त्यांच्या हाताखालचे तीन प्रबंध काढा. प्रस्तावना वाचू नका, सरळ परिशिष्टातली प्रश्नावली बघा. तिन्हीत तीच प्रश्नावली तालुका बदलून आली असेल, तर तुमचीही तशीच येणार. मग त्यांच्या सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला चहाला न्या. प्रकरण वाचून परत द्यायला किती महिने लागतात, एवढंच विचारा.

विषय कापायला शिका

'महाराष्ट्रातील ग्रामीण विकास : एक चिकित्सक अभ्यास' असा विषय घेऊन आर.आर.सी.त गेलात तर तो कदाचित मंजूरही होईल, आणि तीच खरी पंचाईत. राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत. त्यांचा चिकित्सक अभ्यास एक माणूस कसा करणार?

विषय इतका कापा की त्यातून एक प्रश्न उरेल आणि त्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नसेल. पाणलोटाची कामं झालेल्या गावात बोअर वाढले की कमी झाले, आणि ते कुणाच्या रानात? बचत गटाचं कर्ज बायका काढतात, ते फेडायचे पैसे कुठून येतात? सोयाबीन आल्यावर ज्वारी गेली, मग कडबा गेला, मग बैल गेले. या क्रमात भूमिहीन घरांच्या कामाचे दिवस किती उरले? अशा प्रश्नाला नेमकं उत्तर देता येतं आणि पुरावा गावात सापडतो.

एक वाट मला फार आवडते, ती म्हणजे जुन्या पाहणीची फेरपाहणी. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या एका गावातली जमिनीची तुकडेवारी, कर्ज, खाणंपिणं नोंदवलं, ती पाहणी १९१७ मध्ये छापून आली. ते गाव पिंपळे सौदागर. आज तिथे टॉवर आहेत, आयटीवाल्यांचे फ्लॅट आहेत, आणि ज्यांची रानं होती त्यांची नातवंडं भाड्याच्या उत्पन्नावर किंवा बांधकामाच्या धंद्यावर आहेत. दुसरी पाहणी त्यांनी जातेगाव बुद्रुकला केली, ती १९२१ मध्ये छापून आली. शंभर वर्षांपूर्वीचा पाया कुणीतरी घालून ठेवला आहे. गोखले संस्थेच्या जुन्या पाहण्या, ब्रिटिशांचे जमाबंदी अहवाल, जिल्हा गॅझेटियर यांत असे पाये बरेच सापडतील. तुमच्या तालुक्याचा शोधा.

गावात जाण्याआधी कागद

जनगणनेची गावनिहाय माहिती २०११ ची आहे. ती जुनी झाली, तरी चौकट म्हणून लागते. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन, राज्याची दरवर्षीची आर्थिक पाहणी, कृषी गणना, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी, बाजार समितीची आवक, रोजगार हमीची मस्टर. यातलं बरंचसं घरबसल्या मिळतं. जे मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकार आहे : दहा रुपये आणि तीस दिवस. अर्ज मात्र कोर्सवर्क चालू असतानाच टाका, कारण अपिलात गेलं तर महिने मोडतात.

महसुली कागदावर जरा थांबतो. सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचता आलेच पाहिजेत. ते शिकवायला तलाठ्याइतका चांगला गुरू नाही. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं, तरी गावात अजून 'तलाठी भाऊसाहेब'च म्हणतात. पण सातबारा म्हणजे शेत नव्हे. सातबाऱ्यावर एक नाव असतं आणि घरात चार चुली असतात. वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी वारसाची नोंद झालेली नसते. कसणारी बाई कागदावर नसते. पिकाचा रकाना बरीच वर्षं कचेरीत बसून भरला जायचा. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करतो, पण त्यातही विम्याकडे डोळा ठेवून केलेल्या नोंदी असणारच. कागद आणि रान यांत जिथे मेळ बसत नाही, ती जागा वहीत लिहून ठेवा. प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण बहुधा तिथूनच निघतं.

गावाचं पंचांग

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फील्डवर्कची तारीख विद्यापीठाच्या सत्रावरून ठरवू नका. आधी एकदा रिकाम्या हाताने गावात जा, पारावर बसा आणि बारा महिन्यांचा तक्ता भरा : कोणत्या महिन्यात कोण गावात असतं, कोण नसतं, कुणाला बोलायला वेळ असतो.

मृगात पेरणीची घाई. तेव्हा प्रश्नावली काढणाऱ्याला शिव्या बसत नाहीत हे गावाचं मोठेपण. सोयाबीनच्या पट्ट्यात दसऱ्याच्या आगेमागे काढणी, त्यानंतर रब्बीची पेरणी. श्रावण-भाद्रपदात खुरपणी झाली की संध्याकाळी माणूस निवांत सापडतो. ऊसतोडीच्या गावांत एप्रिल-मे. त्यात लग्नं आणि जत्रा असतात, पण माणसं असतात. उलट तुमचा प्रश्न मागे राहिलेल्या म्हाताऱ्या-पोरांचा असेल, तर माझा तो फसलेला जानेवारीच योग्य. कोकणात लावणीच्या जुलैत कुणी थांबणार नाही. चाकरमानी सगळे गणपतीत येतात, पण तेव्हा त्यांना गाठणं म्हणजे लग्नघरात हिशेब विचारणं, शिमग्याला बघा. मेळघाटात कामाला बाहेर गेलेली कोरकू माणसं होळीला परततात.

मग गुणाकार करा. नीट विचारलेली घरं दिवसाला तीन, फार तर चार होतात. अडीचशे घरं म्हणजे त्रेसष्ट ते चौऱ्याऐंशी दिवस. बाजाराचा वार, दहावा-तेरावा, निवडणूक आणि तुमचं आजारपण धरलं की साडेतीन महिने. एका गावात एवढे सलग महिने मोकळे मिळतच नाहीत, दोन मोसम लागतात. म्हणून सिनॉप्सिसमध्ये पाच जिल्हे लिहू नका.

गावात

पहिल्या दिवशी ज्याच्या ओट्यावर बसाल त्याचे तुम्ही झालात. सरपंचांना आणि ग्रामपंचायतीला पत्र देणं आवश्यक, पण मुक्काम सरपंचांच्या वाड्यावर करू नका. वस्तीवरची माणसं मग तुमच्याशी तेवढंच बोलतील जेवढं सरपंचांच्या कानावर गेलेलं चालेल. शाळेची खोली, देवळाची ओवरी, भाड्याची खोली बरी. आणि पहिल्या आठवड्यात गावठाणाच्या कडेच्या वस्तीत पाणी प्या. गाव ते बघत असतं.

संमती घ्यायचीच असते. संस्थेची नैतिकता समिती असेल तर तिची परवानगी आधी. पण छापील संमतीपत्र पुढे करून 'इथे सही करा' म्हटलं की माणूस बिचकतो. सावकाराने, सोसायटीने आणि भूसंपादनाने त्याला सहीची किंमत शिकवली आहे. आपण कोण, कशासाठी विचारतो, नाव छापणार नाही, नको असेल तर उत्तर देऊ नका, हे साध्या मराठीत सांगा आणि त्यांचं 'हो' आवाजात नोंदवा. समितीकडून ही पद्धत आधीच मंजूर करून घ्या. आणि 'यादीत नाव येईल का साहेब?' या प्रश्नाला पहिल्याच दिवशी स्पष्ट 'नाही' म्हणा. घरकुलाची आशा लावून मिळवलेली उत्तरं कुजकी असतात.

आता शब्द. पुस्तकी प्रश्नावली इथेच आपटते. 'तुमच्या कुटुंबात किती कामगार ऊसतोडीला जातात?' असं विचारलं की उत्तर येतं, 'एक कोयता.' कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, तीही कोयत्यावर ठरते. तुम्ही 'एक' लिहिलंत तर बाई तुमच्या तक्त्यातून गेली. 'व्याज किती?' 'शेकडा तीन.' हे महिन्याचं आहे. वर्षाचे छत्तीस टक्के होतात. रकान्यात ३ टक्के लिहून सावकार बँकेपेक्षा स्वस्त असल्याचा निष्कर्ष काढलेला एक मसुदा मी स्वतः तपासला आहे. कुटुंब म्हणजे काय हे चुलीवरून ठरवा. क्षेत्र एकर-गुंठ्यात विचारा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हेक्टर तुम्ही घरी करा. पायलीचं माप गावोगाव बदलतं, तेव्हा एकदा समोर मोजून घ्या.

उत्पन्न थेट विचारू नका. किती रान, किती क्विंटल, कोणत्या महिन्यात विकलं, काय भाव लागला, बी-खत-फवारणी-मजुरीला काय गेलं, असं पिकाच्या मागून चालत जा. आकडा शेवटी आपोआप येतो, आणि बऱ्याचदा शेतकरीच चकित होतो. वाट्याने किंवा खंडाने केलेल्या जमिनीबद्दल मालकासमोर विचारायचं नाही. कूळ कायद्याची भीती अजून गेलेली नाही. 'कूळ लागेल', म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून हे व्यवहार तोंडीच राहतात, आणि तुमच्या एका प्रश्नाने पुढच्या वर्षी कुणाचं वाट्याचं रान जाऊ शकतं.

बायकांशी बोलायचं तर ओट्यावर नवरा शेजारी असताना विचारून उपयोग नाही. तो उत्तरं देतो, ती मान हलवते. खुरपणीच्या ओळीत, गिरणीवर, गटाच्या बैठकीनंतर बोला. पुरुष संशोधकाने यासाठी सोबत स्थानिक बाई घ्यावी, तिची मजुरी आधी ठरवून रोज द्यावी. आशाताई, अंगणवाडीताई मदत करतात, पण त्यांच्यावर आधीच शंभर सर्व्हे लादलेले असतात. फुकट राबवू नका.

रोज रात्री झोपण्याआधी वही. मोबाइलवर कोबो टूलबॉक्ससारखं फुकट साधन मराठीत आणि बिननेटवर्क चालतं, ते आकड्यांसाठी वापरा. पण कोण बोलता बोलता गप्प झालं, कुणाला बघून झालं, हे त्यात मावत नाही. रेकॉर्डिंग कमी करा. तासाभराची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास जातात.

पैसा

जेआरएफ महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. खुल्या गटात वयाची अट तिशीची, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि महिलांना पाच वर्षं सवलत. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिप वेगळी. राज्यात फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्था आहेत : बार्टी अनुसूचित जातींसाठी, टीआरटीआय आदिवासींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी-भटक्या-विमुक्तांसाठी. जाहिरात कधी येईल आणि पैसे कधी पडतील याचा नेम नाही, म्हणून जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअरची कागदं आजच तयार ठेवा आणि सहा महिने निघतील एवढी सोय आधी करा.

लिहिणं आणि सादर करणं

प्रबंध मराठीत लिहिता येतो का, हे नोंदणीआधी लेखी विचारा. सामाजिक शास्त्रांत बऱ्याच विद्यापीठांत येतो. मराठीतच लिहा असं माझं मत आहे, निदान ज्यांनी मुलाखती मराठीत घेतल्या त्यांनी. 'उचल'ला इंग्रजीत आगाऊ रक्कम म्हटलं की त्यातली वेठ गळून पडते. मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधली तीनशे पानं शेवटच्या महिन्यात बदलताना जोडाक्षरं कशी फुटतात, ते मी भोगलं आहे.

साम्य तपासणीत, म्हणजे प्रबंध दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतो हे बघताना, १० टक्क्यांपर्यंत चालतं, ४० पर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, त्यापुढे वर्षभर बंदी, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. शोधनिबंध छापण्याची सक्ती आयोगाने काढली, पण काही विद्यापीठं ती ठेवतात. आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, तीही २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा 'तीन दिवसांत प्रकाशन, फी दोन हजार' असल्या नियतकालिकांपासून स्वतःच सांभाळायचं आहे.

सादर करण्याआधी एकदा गावात जाऊन मुख्य निष्कर्ष वाचून दाखवा. मी देवळात वाचले. एका मुकादमाने उचलेच्या हिशेबातली माझी एक चूक तिथल्या तिथे काढली, दोन बाह्य परीक्षकांच्या नजरेतून ती सुटली असती. गावाचं नाव बदललंत तरी शोधगंगेवर प्रबंध गेल्यावर तालुक्यातला माणूस पाच मिनिटांत गाव ओळखतो, त्यामुळे कुणाला अडचणीत आणणारे तपशील याच टप्प्यावर काढा.

व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, खुला असतो, कुणीही येऊन बसू शकतं. गावातल्या दोघा-तिघांना बोलवा, एसटीचं भाडं तुम्ही द्या. तारीख तेवढी पेरणीत घेऊ नका.